कुत्र्याला पट्टा गळ्यात की छातीला?

राखणीचे कुत्रे, मावळचा पाऊस आणि बिबट्याची भीती

आंदर मावळ घ्या, नाणे मावळ घ्या नाहीतर पवन मावळ. जिथे राखायला काही आहे तिथे कुत्रं आहेच. गोठा, शेळ्यांचा वाडा, पोल्ट्री, भाताचं खळं, कुठेही जा, पहिलं भुंकणं त्याचंच ऐकू येतं. बैल विकत घेताना आपण दात पाहतो, चाल पाहतो, खांदा चाचपतो. कुत्र्याच्या बाबतीत मात्र एवढा विचार होत नाही. पिल्लू कुणीतरी आणून देतं, उरलेली भाकरी त्याच्यापुढे पडते आणि हाताला येईल ती दोरी त्याच्या गळ्यात पडते. कुत्रं पाळलं, काम झालं!

अलीकडे यात थोडा बदल दिसतो. लोणावळ्याला, तळेगावला दुकानांतून आता दोन तऱ्हेचे पट्टे मिळतात. एक आपला नेहमीचा गळ्यातला पट्टा. दुसरा छातीवरून आणि पाठीवरून अंगाला बांधायचा. त्याला दुकानदार ‘बॉडी बेल्ट’ किंवा ‘हार्नेस’ म्हणतात. आपण त्याला छातीपट्टा म्हणू. बंगल्यांवर येणाऱ्या पाहुण्यांच्या कुत्र्यांच्या अंगावर तो पाहून गावातली तरुण मंडळीही तो आणू लागली आहेत. मग चावडीवर प्रश्न निघतो, की यातला चांगला कोणता? जास्त पैसे द्यायचे ते कशासाठी?

या प्रश्नाचं उत्तर दुकानदाराकडे नाही. ते आपल्या गोठ्यातच आहे.

बैलाचा दाखला

बैलाच्या अंगावर किती प्रकारचे दोर असतात ते आठवा. नाकात वेसण असते, ती बैल ताब्यात राहावा म्हणून. गळ्यात दावं असतं, ते गोठ्यात बांधण्यासाठी. तोंडाला म्होरकी, वळवायला कासरा. आणि ओढायचं काम मात्र खांद्यावरच्या जुवावर. जोतं गळ्याखालून जातं हे खरं, पण ते सैल ठेवतात. आवळलं तर बैल घोरायला लागतो, हे औत धरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. दाव्यालाच नांगर अडकवून बैलाला ओढायला लावणारा शेतकरी अजून जन्मायचा आहे. सणाच्या आदल्या दिवशी आपण खांदेमळणी करतो ती उगाच नाही. वर्षभर ओझं खांद्याने ओढलेलं असतं. टांग्याच्या घोड्याचा साज पाहिला तरी तेच दिसेल. ओढ छाती-खांद्यावर येते, नरड्यावर येत नाही.

कुत्र्याच्या बाबतीत आपण हे सगळं विसरतो. त्याची वेसण, त्याचं दावं आणि त्याचं जू, सगळं मिळून एकच पट्टा, तोही गळ्यात. ओळखही त्यानेच, बांधणंही त्यानेच, ओढणंही त्यानेच. म्हणून पट्टा विकत घेण्याआधी एकच गोष्ट ठरवायची. हा पट्टा नेमक्या कोणत्या कामाला हवा आहे?

गळ्याला ओढ का नको

कुत्र्याच्या गळ्याला पुढून हात लावून पाहा. कातडीच्या खाली लगेच श्वासनळी लागते. ती कूर्चेच्या कड्यांची बनलेली असते आणि ही कडी मागच्या बाजूला उघडी असतात, म्हणजे बाहेरून दाब आला की नळी चेपते. तिच्या दोन्ही बाजूंनी डोक्याकडे रक्त नेणाऱ्या आणि परत आणणाऱ्या शिरा आहेत. थायरॉइडची ग्रंथीही तिथेच. दारात साखळीला बांधलेलं कुत्रं रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकावर झेप घेतं, साखळी संपली की गळ्याला हिसका बसतो, पुन्हा झेप, पुन्हा हिसका. दिवसातून असे किती हिसके बसतात ते मोजून पाहा. अशा कुत्र्याला ठसका लागतो, आवाज बसतो, आणि मालक समजतो की त्याला सर्दी झाली आहे.

यावर परदेशात बरेच संशोधन झाले आहे. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २६ कुत्र्यांना आधी गळपट्ट्यावर आणि मग छातीपट्ट्यावर ओढ देऊन डोळ्यांतला दाब मोजला. गळपट्ट्यावर ओढ आली की डोळ्यांतला दाब वाढला. छातीपट्ट्यावर आली तेव्हा तसा वाढला नाही. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम येथे कुत्र्याच्या मानेचा नमुना तयार करून त्यावर निरनिराळे गळपट्टे तपासले गेले. २०२० साली त्याचे निष्कर्ष आले. रुंद असो, आतून मऊ असो, जोराची ओढ बसल्यावर गळ्याला इजा होण्याचा धोका नाही असे एकाही पट्ट्याबद्दल म्हणता आले नाही.

याचा अर्थ गळपट्टा टाकून द्या असा नाही. सैल बसलेला, कशालाही न बांधलेला गळपट्टा कुत्र्याला काहीच त्रास देत नाही. त्रास पट्ट्याचा नसून ओढीचा आहे. म्हणून गळपट्टा ओळखीसाठी ठेवा. कुत्र्याला दोरीने धरून नेताना, दवाखान्यात नेताना, टेम्पोत किंवा जीपमध्ये बसवताना, किंवा थोडा वेळ बांधून ठेवताना दोरी छातीपट्ट्याला लावा. ज्या कुत्र्याला ठसका लागतो, ज्याच्या डोळ्यांचे दुखणे आहे, ज्याचे नाक चपटे आहे किंवा जे अजून पिल्लू आहे, त्याच्या गळ्याला तर दोरी लावूच नये.

एक गोष्ट कारवान जातीच्या, लांब तोंडाच्या कुत्र्यांची. मराठवाड्यात आणि आपल्याकडच्या मेंढपाळांत ही कुत्री दिसतात. कर्नाटकातील मुधोळची कुत्रीही याच बांध्याची. यांचं डोकं मानेपेक्षा अरुंद असतं. साधा पट्टा कितीही नीट बांधला तरी हे कुत्रं मागे सरतं, डोकं खाली घालतं आणि पट्टा तुमच्या हातात ठेवून पसार होतं. असा पट्टा आवळून बांधला तर गळ्याला काच बसतो, सैल ठेवला तर निसटतो. अशा कुत्र्याला नीट मापाचा छातीपट्टा हाच उपाय.

छातीपट्टाही डोळे झाकून घेऊ नये

छातीपट्टा आणला म्हणजे सगळं साधलं असं नाही. तो मापाचा नसेल तर काखेत घासतो, तिथले केस जातात, कातडी सोलवटते. काही पट्ट्यांची पुढची पट्टी दोन्ही खांद्यांवरून आडवी जाते. ती कुत्र्याचा पाय पुढे पडू देत नाही. छातीपट्ट्याने खांद्याची हालचाल काही अंशी कमी होते असे २०१९ सालच्या एका अभ्यासात दिसून आले आहे. तेव्हा दिवसभर धावपळ करणाऱ्या कुत्र्याच्या अंगावर तो चोवीस तास ठेवू नये. औत सुटलं की बैलाच्या मानेवरचं जू उतरवतो, तसंच काम झालं की हा उतरवावा.

घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

पुढून पाहिल्यावर पट्ट्या इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारख्या दिसाव्यात. म्हणजे खालची पट्टी छातीच्या मधल्या हाडावर येते, नरडं मोकळं राहतं आणि खांदेही सुटे राहतात. पुढच्या पायांच्या मागे छातीचा जो भाग सर्वांत रुंद असतो तिथला घेर सुतळीने मोजून न्यावा. वजनावरून किंवा अंदाजाने घेऊ नये. छातीला वेढणारी पट्टी आणि काख यांच्यात तीन-चार बोटांचे अंतर असावे. कुठल्याही पट्टीखाली दोन बोटं सहज जावीत, तीन जाऊ लागली तर पट्टी सैल आहे. कडी ओतीव लोखंडाची किंवा पितळेची पाहावी. प्लॅस्टिकचं क्लिप दणकट कुत्र्यापुढे टिकत नाही.

कडी कुठे आहे तेही महत्त्वाचं. पाठीवरच्या कडीला दोरी लावली की कुत्र्याला ओढायला उलट जोर मिळतो, बैलाला जुवात मिळतो तसाच. फार ओढणाऱ्या कुत्र्याला छातीवर पुढे कडी असलेला पट्टा घ्यावा. त्याने ओढलं की त्याचं अंगच आपल्याकडे वळतं. पण खरी सवय हातानेच लावावी लागते. कुत्र्याने ओढलं की जागेवर थांबायचं, दोरी सैल झाली की चालायचं. आठ-पंधरा दिवस चिकाटीने हे केलं तर बरीच कुत्री शहाणी होतात. हिसका देऊन किंवा मारून ती शिकत नाहीत, फक्त भितात.

बाजारातला पट्टा महाग वाटत असेल तर बाजेची जुनी नवार चांगली कामाला येते. चपला-पट्टे शिवणाऱ्या कारागिराकडे कुत्रंच घेऊन जावं, मापावर शिवून घ्यावा. नवार रुंद असते, मऊ असते आणि धुता येते.

जंगलात, करवंदीच्या जाळ्यांत मोकळं फिरणाऱ्या कुत्र्याच्या अंगावर मात्र छातीपट्टा नको. फांदीत किंवा कुंपणाच्या तारेत तो अडकला तर कुत्रं तिथेच लटकतं. आपल्याच तालुक्यात सुदुंबरे येथे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन आहे. २०१४ साली माळीणला डोंगर कोसळला तेव्हा याच दलाचे जवान ढिगारा उपसत होते. अशा दलांकडे माणसं शोधणारी कुत्री असतात. पडक्या ढिगाऱ्यात शिरताना अशा कुत्र्यांच्या अंगावरचे पट्टे काढून घेण्याची रीत जगभर अनेक पथकांत आहे, ती याच कारणाने. सळईत पट्टा अडकला तर शोधायला गेलेलं कुत्रंच शोधावं लागेल. इतकी शिकवलेली कुत्री पट्ट्याविना काम करतात, यावरून धडा घ्यावा. काम बदललं की पट्टा बदलतो, प्रसंगी उतरतोही.

मावळचा पाऊस आणि गळ्याखालची जखम

लोणावळ्याकडे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. आवणीच्या दिवसांत माणसाचे पाय चिखलाने कुजतात, तिथे कुत्र्याच्या गळ्यातल्या चामड्याच्या पट्ट्याचं काय होत असेल! ओलं चामडं वाळतच नाही. त्याला बुरशी येते, ते आक्रसतं, आणि त्याखालची कातडी ओलसर राहून चिघळते. त्या चिघळीवर माशी बसली की दोन दिवसांत अळ्या पडतात. केसाळ कुत्र्याची ही जखम वास आल्याशिवाय मालकाला कळत नाही.

म्हणून जून ते सप्टेंबर चामड्याचा पट्टा खुंटीला टांगून ठेवावा आणि नायलॉनचा किंवा नवारीचा वापरावा. तोही आठवड्यातून दोनदा काढून गळा कोरडा पुसावा. पट्ट्याखाली गोचीड लपून बसते, कारण तिथे कुत्र्याचा पंजा नीट पोचत नाही. गोचिडीतून कुत्र्याला ताप येतो, नाकातून रक्त येतं, कुत्रं खाणं सोडतं आणि दगावतं. गुरांची गोचीड काढताना कुत्र्याचा गळाही चाचपावा.

याहून वाईट गोष्ट पिल्लांची. पोरं खेळताना पिल्लाच्या गळ्यात सुतळी, पोत्याचा नायलॉनचा दोरा, कधी वायर बांधतात आणि विसरतात. पिल्लू वाढतं, दोरा वाढत नाही. तो हळूहळू मांसात रुततो आणि वरून केस येतात. कुत्रं मान वाकडी करतं, खाताना ओरडतं, जवळ जाऊन पाहिलं तर गळ्याभोवती जखमेची चक्री. असा दोरा घरी ओढून काढू नये. पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. शाळेतल्या गुरुजींनी मुलांना एवढी एक गोष्ट सांगितली तरी कित्येक जीव वाचतील. आणि वाढत्या पिल्लाचा पट्टा आपणही दर आठवड्याला दोन बोटं घालून तपासावा.

बिबट्या आणि खिळ्यांचा पट्टा

आता मुख्य विषय. शिरोता आणि वडगाव वनपरिक्षेत्रातल्या गावांना बिबट्या नवा नाही. तो कुत्र्यावर येतो हेही सर्वांना माहीत आहे. पण किती येतो, याचा अंदाज अनेकांना नसतो. नगर जिल्ह्यातल्या (आताचा अहिल्यानगर) अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांच्या आहाराचा अभ्यास केला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या एकूण खाण्यातला ८७ टक्के वाटा पाळीव आणि गावात राहणाऱ्या जनावरांचा निघाला. त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के होता. शेळ्या त्या भागात कुत्र्यांच्या सातपट, तरी त्यांचा वाटा ११ टक्केच. कारण उघड आहे. शेळी रात्री वाड्यात कोंडलेली असते, कुत्रं बाहेर असतं.

बिबट्या गळा धरतो. एकदा दात नरड्यात रुतले की कुत्र्याला ओरडायलाही सवड मिळत नाही. यावर जुना उपाय आहे तो खिळ्यांचा पट्टा. रुंद चामड्याला आतून बाहेर खिळे मारलेले, टोकं बाहेरच्या बाजूला. हा उपाय फार जुना आहे. इसवी सनापूर्वी ३७ च्या सुमारास रोममध्ये व्हॅरो नावाच्या पंडिताने शेतीवर ग्रंथ लिहिला. त्यात मेंढरांच्या कुत्र्यांसाठी अशाच पट्ट्याचं वर्णन आहे, आणि खिळ्यांच्या डोक्यांनी मान सोलवटू नये म्हणून आतून मऊ चामडं शिवावं असंही सांगितलं आहे. हिमालयातले मेंढपाळ भोटिया कुत्र्यांच्या गळ्यात बिबट्यापासून बचावासाठी पत्र्याचा पट्टा घालतात. तुर्कस्तानात लांडग्यांसाठी लोखंडी काट्यांचा पट्टा घालतात. आणि २०२५ च्या नोव्हेंबरात आपल्याच पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला, लागोपाठच्या हल्ल्यांनंतर माणसंच खिळ्यांचे पट्टे गळ्यात घालून शेतात जाऊ लागली. कुत्र्याच्या रक्षणाची वस्तू माणसाच्या गळ्यात यावी, यावरून प्रश्न कुठवर आला आहे ते समजावे.

छातीपट्टा इथे कामाचा नाही. तो गळा उघडा ठेवतो. तेव्हा बिबट्याच्या भागात राखणीच्या मोकळ्या कुत्र्याला रात्री रुंद, खिळ्यांचा गळपट्टा घालणे शहाणपणाचे आहे. आतून मऊ अस्तर हवं. रुंदी एवढी हवी की कानाच्या मुळापासून मानेच्या बुडापर्यंत जास्तीत जास्त भाग झाकला जाईल, पण कुत्र्याला मान खाली घालून पाणी पिता आलं पाहिजे. सकाळी तो काढून ठेवावा. लहान मुलं कुत्र्याला मिठी मारतात, दोन कुत्री खेळतात, तेव्हा हेच खिळे घात करतील. आणि या पट्ट्याला साखळी कधीही लावू नये.

पण या पट्ट्यावर फार भिस्तही ठेवू नये. तो फक्त गळा वाचवतो. पोट, पाठ, मागचे पाय उघडेच असतात. पट्टा घातलेल्या कुत्र्याला पळून जायला, घरात शिरायला वाट असेल तरच त्याचा उपयोग. नेमकी हीच वाट आपण बंद करतो.

रात्री बांधलेलं कुत्रं राखण करीत नाही

कुत्रं दारात बांधलं की घर सुरक्षित, अशी आपली समजूत. बिबट्याच्या गावात ती उलटी ठरते. साखळीला बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्यापुढे वाढलेलं ताट. त्याला पळता येत नाही, लढता येत नाही. आणि एकदा तिथे सावज मिळालं की बिबट्या त्या वाटेने पुन्हा येतो. मग त्या अंगणात पहाटे उठणारी बाई असते, बाहेर झोपलेलं म्हातारं माणूस असतं, लघवीला उठलेलं पोर असतं. म्हणजे कुत्र्याची साखळी हा घरातल्या माणसांच्या जिवाचाही प्रश्न आहे.

तेव्हा रात्री कुत्र्याला उघड्यावर बांधू नये, गळ्यानेही नाही आणि छातीपट्ट्यानेही नाही. शेळ्यांच्या वाड्यात, गोठ्यात, जाळीच्या खोलीत दार लावून ठेवावे. वरूनही जाळी हवी. बिबट्याला सहा फूट भिंत काहीच नाही. कुत्रं आत असलं तर राखण कशी होणार, असं काहीजण विचारतात. भुंकायला दार उघडं लागत नाही. वास आणि चाहूल त्याला आतूनही येते, आणि ते भुंकलं की आपण जागे होतो. राखणीचं काम एवढंच आहे. बिबट्याशी झुंज देणं हे कुत्र्याचं काम नव्हे, आपलंही नव्हे. बिबट्या दिसला तर वन खात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

दिवसा बांधावंच लागलं तर धावती साखळी करावी. दोन खांबांमध्ये तार ताणून तिच्यात कडं सोडायचं आणि कड्याला हलकी साखळी. कुत्र्याला वीस-पंचवीस फूट फिरता येतं, हिसके कमी बसतात. साखळीत भोवरकडी हवीच, नाहीतर पीळ बसून ती आखूड होत जाते. सावली आणि पाणी साखळीच्या टप्प्यात असावं. आणि गळ्यात नाही, छातीपट्ट्याच्या पाठीवरच्या कडीला साखळी लावावी.

हा केवळ दयेचा विषय नाही, कायद्याचाही आहे. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या कलम ११ मध्ये फार आखूड किंवा फार जड साखळीने जनावराला गैरवाजवी काळ बांधून ठेवणे हा गुन्हा सांगितला आहे. नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणे, हाही त्याच कलमात आहे.

लोणावळ्याचे पाहुणे

शनिवार-रविवारी लोणावळा, खंडाळा, पवना धरणाचा काठ आणि लोहगडाचा पायथा गाड्यांनी भरतो. त्या गाड्यांतून कुत्रीही उतरतात. शहरातलं कुत्रं मोकळं सुटलं की शेळीमागे, कोंबडीमागे धावतं, बुजलेली गुरं दावं तोडतात, आणि मग भांडणं होतात. बंगल्याची राखण करणाऱ्या आपल्या माणसांनी मालकांना सुरुवातीलाच सांगावे की फाटकाबाहेर कुत्रं दोरीला असलं पाहिजे. फटाके वाजले की अनोळखी जागी कुत्रं बिथरतं आणि गळपट्ट्यातून मान काढून पळतं. म्हणून अशा कुत्र्याला दोरी छातीपट्ट्याची आणि गळ्यात मालकाचा फोन नंबर कोरलेला बिल्ला, असं दोन्ही असावं. गडाच्या निसरड्या पायऱ्यांवरही छातीपट्टा बरा. पाय घसरला तर कुत्र्याला गळफास न बसता सावरता येतं.

आपल्या कुत्र्यांसाठी याच धर्तीवर एक स्वस्त उपाय आहे. जुन्या पुणे-मुंबई रस्त्यालगत वडगाव, कामशेत, कार्ला या गावांची कुत्री रात्री गाडीखाली येतात. गळपट्ट्यावर सायकलच्या मडगार्डला लावतात तसली रेडियमची पट्टी चिकटवावी. दिव्याच्या उजेडात ती लांबून चमकते. कुत्रं वाचतं, आणि कुत्र्याला चुकवताना पडणारा मोटारसायकलवालाही वाचतो.

ग्रामपंचायतीने काय करावे

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि पोलीस पाटील यांनी या साध्या पट्ट्याकडे गावाच्या नजरेने पाहावे. गावात कुत्रं चावलं की पहिला प्रश्न येतो, ते कुणाचं? गळ्यात काही नसेल तर कुणीच आपलं म्हणत नाही. बिल्ला असलेला गळपट्टा हे त्या कुत्र्याचं सातबारा समजा. लसीकरणाच्या दिवशी प्रत्येक पाळीव कुत्र्याला लस टोचून क्रमांकाचा बिल्ला द्यावा, मालकाचे नाव आणि लसीची तारीख वहीत लिहावी. रेबीजची पहिली लस पिल्लू तीन महिन्यांचे झाले की द्यायची आणि पुढे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दरवर्षी. दरवर्षी २८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो. त्या आठवड्यात हे काम धरले तर लोकांच्याही लक्षात राहते.

पाळीव कुत्र्याच्या लसीची आणि नसबंदीची जबाबदारी मालकाची. भटक्या कुत्र्यांचे लसीकरण व नसबंदी २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे स्थानिक स्वराज्य संस्थांनी करायची आहे. नसबंदी झालेल्या भटक्या कुत्र्याच्या कानाला खाच असते, पाळलेल्याच्या गळ्यात पट्टा असावा. एवढं झालं तरी गावातलं कुठलं कुत्रं कशात मोडतं ते लांबून कळेल. आपले जनावर निष्काळजीपणे सोडून दुसऱ्याच्या जिवाला धोका केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. हे कलम जुलै २०२४ पासून लागू आहे. गावसभेत ते एकदा वाचून दाखवावे.

थोडक्यात

मोकळ्या कुत्र्याला ओळखीपुरता सैल गळपट्टा, त्यावर बिल्ला आणि रेडियम. धरून नेताना, गाडीत बसवताना किंवा दिवसा बांधताना छातीपट्टा. जंगलात जाणाऱ्याला छातीपट्टा नको. बिबट्याच्या भागात रात्री खिळ्यांचा रुंद पट्टा, तोही बंद गोठ्यात. पावसाळ्यात चामडं नको. आणि पट्टा कोणताही असो, दोन बोटं त्याखाली गेली पाहिजेत.

दोन्ही पट्ट्यांचा मिळून खर्च एका शेळीच्या किमतीच्या पासंगालाही पुरणार नाही. वर्षानुवर्षं एका भाकरीवर आपला वाडा राखणाऱ्या जनावरासाठी एवढं करायला हरकत नसावी. आज संध्याकाळी धारा काढून झाल्या की आपल्या कुत्र्याला हाक मारा आणि त्याच्या गळ्यातल्या पट्ट्याखाली बोट घालून पाहा.